डाव्या पेडलचे आटे

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी
औलूमधल्या आमच्या इमारतीची सगळ्यांनी मिळून सफाई असते.
हिवाळाभर रस्त्यावर टाकलेली खडी झाडून काढायची.
फाटकाजवळ बर्फाचा एक काळा ढीग उरलेला,
उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखा,
त्याला फावड्यानं फोडून उन्हात पसरायचं.
मग कॉफी, भाजलेले सॉसेज, आणि बोलणं जेमतेम.

तळघर माझ्या वाट्याला आलं. मीच मागून घेतलं.
कारखान्यानं कमी केल्यापासून
मला दिसेल ते घट्ट करायची खोड लागली आहे.
नळ. बिजागऱ्या. खुर्च्यांचे पाय.
रित्वा म्हणते, या घरात आता
बरणीचं झाकणसुद्धा उघडत नाही.

तळघरात, बॉयलरच्या भिंतीला टेकून,
औने सार्केलाची हिरवी सायकल.
तिसऱ्या मजल्यावरची औने, वय अठ्ठ्याहत्तर,
उणे पंचवीसमध्येही पहाटे साडेपाचला निघते,
गोठलेल्या नदीला पाडलेल्या खिंडारात डुंबायला,
आणि तिचं डावं पेडल
माझ्या खिडकीखालून वाजत जातं:
टक्.
मग जरा वेळ काही नाही.
टक्.

म्हटलं, आज हे करूनच टाकू.
मला कुणी सांगितलं नव्हतं.

पेडल सैल होतं.
पाना लावून आवळलं, तर आणखी सैल झालं.
म्हणून आणखी आवळलं.
ते हातात आलं.
इथे थांबायला हवं होतं, हे आत्ता लिहिताना कळतंय;
तिथे मात्र मी ते भोकाशी धरलं,
पान्याला लोखंडी नळी जोडली
आणि उजवीकडे, उजवीकडे,
सगळं जग ज्या बाजूला आवळतं त्या बाजूला
अंगाचा भार टाकला.
आतून कुरकुर आली,
गोठलेल्या पावावर सुरी चालावी तशी,
आणि ॲल्युमिनियमचे बारीक कुरळे तुकडे
नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पडले.
आटे होते ते.
सायकल आता माझ्याकडे
एका गुळगुळीत भोकातून बघत होती.

आणि मी आधी काय केलं? भुगा झाडला.
खरंच. सफाईच चालली होती ना.

तीन मजले चढलो, पेडल पिशवीत.
दारात औने, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.
जिन्यात जुळवलेलं वाक्य जिन्यातच राहिलं,
पिशवी तेवढी पुढे केली.
तिनं पेडल उलटसुलट करून पाहिलं,
आट्यांवरून अंगठा फिरवला, एकदाच,
म्हणाली, 'डावं उलटं असतं.'
बस्.
रागावली असती तर
धरायला काहीतरी मिळालं असतं.

मे दिनाची सुट्टी, दुकान मंगळवारपर्यंत बंद.
मी माझी सायकल वर काढून दिली.
ऑक्टोबरपासून तिला हात लावला नव्हता,
जायचं होतं कुठे.
औनेनं काही न विचारता बैठक खाली घेतली,
चार बोटं,
आणि माझ्याच पान्यानं कसली.
नीट कसली. फार नाही.

रविवारी साडेपाचला जाग आली.
माझ्या सायकलीला आवाज नाही.
खिडकीखालून कुणी गेलं की नाही
पडल्या पडल्या कळेना.
कान लावला. पाइपातलं पाणी, रित्वाचा श्वास.
म्हातारं माणूस, अनोळखी ब्रेक,
काय काय डोक्यात येऊन गेलं.
शेवटी उठलो, अनवाणी, पडदा सारला.

झाडलेल्या रस्त्याच्या वळणाशी ती पोचली होती,
पाठीवर पिशवी, पिशवीतून लोंबता टॉवेल,
डावा पाय खाली,
उजवा खाली,
डावा.